हाऊ गहू कोना शे?

४ जुलै १९९२

ही डायरी जानेवारीपासून माझ्या ट्रंकेत आहे आणि आज पहिल्यांदा उघडतो आहे. वरणगावला असताना कॅन्टीनच्या ठेकेदाराने दिली. तेव्हा ठरवलं होतं, रोज लिहायचं. मग वाटलं, पेन चांगलं पाहिजे. पेन घेतलं तर वरणगाव सुटलं. जामनेरच्या बाजारात पोती उचलली, तिथे संध्याकाळी बोटं वळायची नाहीत. अमळनेरला तेलाच्या गिरणीत लागलो तर पुठ्ठ्यावर तेल सांडलं आणि मन उडालं. अशी कारणं निघत गेली. खरं म्हणजे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

आज अमळनेरच्या स्टँडवर चुडामण भेटला. आमच्या साकरपिंप्रीच्या फाट्यावर त्याची चहाची टपरी आहे. साखरेचं पोतं खांद्यावर तसंच ठेवून म्हणाला, "भो आधार, तुले माहीत शे का? पंचायतनी निवडणूक लागनी. आन आबाना वॉर्ड बायास्ना व्हई गया."

म्हणजे आमच्या वॉर्डाची जागा यंदा बाईसाठी राखीव. रतिलाल आबा माझ्या आधी जन्मलेल्या पोरांनाही आठवत नाही तेव्हापासून या वॉर्डातून पंच आहेत आणि पंचांतून सरपंच. आता त्यांना इथून उभंच राहता येत नाही.

मी गिरणीत काही सांगितलं नाही. ट्रंक उचलली आणि चुडामणच्या मागे एसटीत चढलो. त्याचं पोतं मात्र त्यालाच धरू दिलं.

५ जुलै

आबांशी माझं काय आहे ते नीट लिहून ठेवतो. मध्येच राग उतरला तर इथून परत चढवता येईल.

आमच्या गावात पंचायतीसाठी पेटी कधी ठेवलीच गेली नाही. आमदार-खासदाराला मतं देतात, पंचायतीला नाही. मारुतीच्या ओट्यावर मंडळी बसतात, आबा नावं सांगतात, नारळ फुटतो, सगळे बिनविरोध. पाच वर्षांपूर्वी माझे वडील, तोताराम, त्या ओट्यावर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, एकदाव पेटी ठेई देखूत ना." एवढंच. भांडले नाहीत. आबा हसले फक्त.

बोलले ते श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची सगळी भाऊबंदकी थोरल्या घरी रोट करते. थोरलं घर आबांचं, ते वडिलांचे चुलतभाऊ, देवीचा पिढ्यांपासूनचा नारळ त्यांच्याच देवघरात. ज्या घरात जेवढे पुरुष, तेवढ्या सव्वा-सव्वा मुठी गहू ताटात घालायचे, वर फडकं टाकायचं आणि थोरल्या घरी पोचवायचे. सगळ्यांचे गहू एकत्र दळून त्याचे जाड रोट भाजतात. ते भाऊबंदांनीच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही. ज्याची मूठ त्यात नाही, तो भाऊबंद नाही.

वडील ताट घेऊन गेले, मी मागे होतो. आबांनी फडकं उचललं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "हाऊ गहू कोना शे?"

लहानपणी एका थाळीत जेवलेल्या भावाला विचारलं, हा गहू कुणाचा आहे म्हणून. वडिलांनी ताट उचललं आणि घरी आणलं. दुसऱ्या दिवशी मी सुरतची गाडी पकडली. गेल्या माघात वडील वारले.

मला शेती नको, पैसे नकोत, आबांचं घर जळायलाही नको. आबा आमच्या उंबऱ्यावर ताट घेऊन उभे राहिले पाहिजेत, आणि मी फडकं उचलून तोच प्रश्न विचारला पाहिजे. बस.

(एक गोष्ट लक्षात आली. वहीत तरी नुसतं 'रतिलाल' लिहावं म्हटलं. दोनदा लिहिलं आणि खोडलं. हाताला वळण नाही.)

७ जुलै

मायला उभं करायचं ठरवलं. तयारी करून बसलो होतो की ती रडेल, नाही म्हणेल, मग मी वडिलांचं नाव काढीन. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "निवडी उनू तर ती मागली जागा मागता येई का?"

मागली जागा म्हणजे गावाच्या मागची बाभळीची पट्टी. बायांची परसाकडे जायची जागा होती. आबांनी ती कापसाच्या गोदामाला देऊन टाकली. तेव्हापासून बाया सडकेच्या कडेला बसतात. माय सांगत होती, "ट्रकना उजेड पडना की बठ्ठ्या उठीसन उभ्या ऱ्हातस. म्हातारी गुडघा धरीसन उठस. पोटुशी उठस. ट्रक गया की परत बसो. परत ट्रक."

मी म्हटलं, माय, इथे माझ्या बापाच्या इज्जतीची गोष्ट चालली आहे, तू कुठलं काय काढतेस?

तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, "फारमवर अंगठा नही देवाऊ मी. सही करसू."

"सही? कधी शिकलीस?"

"सुगंधा अक्कानी शिकाडी."

सुगंधा अक्का म्हणजे आबांची बायको! मी पुढे विचारणार होतो, पण तेवढ्यात बाहेर चुडामणची लूना बंद पडली आणि मी प्लग साफ करायला गेलो. लूनाचा कार्बोरेटर इतका साधा आहे की पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. दुपार त्यातच गेली.

९ जुलै

अमळनेरला जाऊन फॉर्म भरला. मायने सही केली, 'भिकुबाई तोताराम', अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी, पण सही.

आबांनी सुगंधा अक्कांचा फॉर्म भरला. हे अपेक्षितच होतं. अक्का खुर्चीत बसतील, कारभार आबा करतील. साहेबाने अक्कांना विचारलं, "बाई, तुम्हाला उभं राहायचं आहे ना?" तर आबाच म्हणाले, "हो हो, राहायचं आहे." साहेब म्हणाला, "मी त्यांना विचारलं." अक्का म्हणाल्या, "ते सांगतस तेच." आबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, साहेबावर चिडावं की बायकोवर खूश व्हावं ते त्यांना कळेना.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाहेर व्हरांड्यात पाहतो तर माय आणि अक्का एका बाकावर बसून शेंगा खात होत्या. मी मायला उठवलं आणि दूरच्या बाकावर नेऊन बसवलं. पाणी पिऊन आलो तर अक्का तिथे येऊन बसलेल्या.

मायला रागावलो. म्हटलं, दुश्मनी आहे आपली. ती म्हणाली, "व्हय रे. शेंगा अक्कान्या व्हत्यात."

१२ जुलै

चुडामणच्या टपरीत बसून हिशेब मांडला. आमच्या वॉर्डात बहुतेक भाऊबंदकीच आहे. रोटाला कोणत्या घरातून किती मुठी येतात हे गावात शेंबड्या पोरालाही पाठ. चुडामणने घर सांगायचं, मी मुठी सांगायच्या. आबांच्या बाजूच्या मुठींना बिस्किटं, आमच्या बाजूच्या मुठींना शेंगदाणे. टेबलावर बिस्किटंच बिस्किटं झाली. शेंगदाणे थोडे, त्यातले काही चुडामणने बोलता बोलता खाल्ले.

"पडनूत भो आपण," तो म्हणाला.

घरी येऊन मायला सगळं समजावलं, कोण कुणाचा माणूस, कोण आबांच्या विहिरीवर पाणी घेतो, कोण सोसायटीत कर्जाला अडकलेला. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तू बठ्ठा गडीच मोजी ऱ्हायना."

आता रोटाच्या मुठी म्हणजे सगळे गडीच, पुरुष माणसंच. दुसरं काय मोजणार? तिला राजकारण समजावणं कठीण आहे.

आज झोप येणार नाही असं वाटतं. हरलो तर आबा ओट्यावर बसून हसतील, पाच वर्षांपूर्वीसारखे. ते हसणं मला सुरतेच्या यंत्रमागांच्या खडखडाटात पण ऐकू यायचं.

१४ जुलै

आज माघारीचा दिवस. सकाळी आबांचा माणूस झुलाल आला. दुसऱ्या वॉर्डातला आहे, तिथून बिनविरोध निवडून आल्यातच जमा. ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला.

"आबा म्हणतस, फारम काढी ल्या. यंदा कानबाईले तुमनं ताट घेतसूत. मांगलं सोडी द्या."

पाच वर्षांनी ताट घेणार! आणि माझ्या मनात पहिला विचार आला, मायला हे नको कळायला, कारण ती लगेच हो म्हणेल. वडील गेल्यापासून ती कानबाईचं नाव काढलं की देवघरात जाऊन बसते. पण माय दारातच होती, तिने ऐकलं होतं.

ती झुलालला म्हणाली, "आबाले सांग, ताटनी काळजी करू नका."

किती शांतपणे म्हणाली! झुलाल आला तसा निघाला. म्हणजे तिच्यातही माझ्यासारखाच निखारा आहे. इतकी वर्षं दाखवला नाही. मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "आज काय शे?"

१८ जुलै

चिन्हं मिळाली. मायला कपबशी, अक्कांना छत्री. पत्रकं छापायची तर अमळनेरचा छापखाना आबांच्या व्याह्यांचा, म्हणून धुळ्याला गेलो.

धुळ्याला स्टँडबाहेरच्या मैदानात एक माणूस सायकल चालवत होता. सात दिवस खाली उतरणार नाही म्हणे. चालत्या सायकलवर आंघोळ, चालत्या सायकलवर दाढी, चालत्या सायकलवर वडापाव. मी म्हटलं, पाच मिनिटं पाहू. तो शर्ट बदलतो कसा ते पाहिलं. मग एकाने ट्यूबलाइट डोक्यावर फोडली. मग त्याच्या बायकोने थाळी फिरवली, तिच्या कडेवर पोर, आणि मी विचार करत राहिलो की हा माणूस सात दिवस गोल फिरून पोचतो कुठे? मी पण पाच वर्षं फिरलो. सुरत, वरणगाव, जामनेर, अमळनेर. उतरलो नाही कुठे.

छापखाना बंद झाला होता. पत्रकांशिवाय परत आलो. मायला म्हटलं, मशीन बिघडलं होतं.

सुरतेवरून एक आठवलं. दुसऱ्या वर्षी गावच्या एका माणसाबरोबर मायने खाऊ पाठवला होता. पुडीत जाड पोळीचे वाळलेले तुकडे, ना मीठ ना तूप. मी शिव्या दिल्या, चिवडा पाठवायचा सोडून हे काय. खोलीतल्या बिहारी दोस्ताला अर्धे दिले, बाकी चहात बुडवून संपवले. माय कधी कधी असं वेड्यासारखं करते.

२३ जुलै

कपबशीने मजा आणली आहे. चुडामण प्रत्येक चहाबरोबर म्हणतो, "ल्या, प्रचार पी ल्या." आबांनी त्यांच्या माणसांना ताकीद दिली की चहा ग्लासातच प्यायचा. काल त्यांचेच धाकटे चिरंजीव गरम ग्लास उपरण्यात धरून फुंकर मारत होते. चुडामण म्हणाला, "बशी देऊ का? कोनले सांगाऊ नही."

मी घरोघर फिरतो. गडी माणसं बोलतात गोड, पण डोळे आबांच्या घराकडे. अठरा पूर्ण झालेल्या पोरांची नावं यादीत आली आहेत, ती विचारतात, मत टाकल्यावर बोटाची शाई किती दिवस राहते? एक म्हणाला, लग्नात फोटोत दिसेल.

माय प्रचाराला येतच नाही. सकाळ-संध्याकाळ बायांबरोबर सडकेकडे जाते, तेवढंच तिचं बाहेर पडणं. परवा तर परत यायला तासभर लागला. म्हटलं, माय, तिकडे बसून काय करता एवढा वेळ? म्हणाली, "उठतस आन बसतस."

आबा आज आमच्या गल्लीतून गेले. प्रत्येक दारात थांबून हात जोडत होते. आबा! ज्यांच्यापुढे लोक चपला काढायचे! आमचं दार आलं आणि ते सरळ पुढे निघून गेले. मी ओट्यावरून पाहत होतो. म्हटलं, जा. येशील परत.

२६ जुलै

मतदान झालं.

शाळेत पेटी ठेवली होती. सकाळी आबा आले आणि सवयीप्रमाणे सरळ आत निघाले. दारातल्या पोलिसाने अडवलं, "रांगेत या." आबांनी आजूबाजूला पाहिलं, कुणीतरी याला सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. आबा रांगेत उभे राहिले, त्यांच्याच शेतात निंदणी करणाऱ्या माणसाच्या मागे. तो बिचारा घाबरून म्हणाला, "आबा, तुम्ही पुढे व्हा." पोलीस म्हणाला, "नाही. जागा सोडायची नाही." मी भिंतीला टेकून उभा होतो. पाच वर्षांत इतकं गोड काही खाल्लं नव्हतं.

मी सांगितलं होतं, बायांना दोन-दोन, तीन-तीन करून आणायचं, नाहीतर घाबरतात. पण त्या स्वयंपाक उरकून सगळ्या एकदमच आल्या. ठेवणीतली लुगडी, नथी, कुणाच्या डोक्यात अबोली. कानबाईला निघाल्यासारख्या. मध्ये माय आणि सुगंधा अक्का. आबांच्या सुना पण त्यांच्यातच. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. हसणं-खिदळणं असं चाललं होतं की साहेब दोनदा बाहेर येऊन गेला.

माय बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "नीट मारलास ना शिक्का? कपबशीवर?"

"साहेब म्हणे, कोनले सांगानं नही."

"अगं, मी तुझा पोरगा!"

"पोरगालेबी नही, नवरालेबी नही. कोनलेच नही."

२७ जुलै

जिंकलो!!

माय जिंकली, आणि चांगली जिंकली. अमळनेरला निकाल सांगितला तेव्हा आबांच्या माणसांनी परत मोजायला लावलं. परत तेच. चुडामण म्हणाला, "भो, बिस्किटं कोठे गयात मंग?" मला पण कळलं नाही. गडी तर आबांचे होते.

गुलाल आणला, ढोल आणला. माय म्हणाली, नको. मी ऐकलं नाही. मिरवणूक मुद्दाम आबांच्या दारावरून नेली. दार बंद होतं. मी त्यांच्या ओट्यावर गुलालाची अख्खी पिशवी रिकामी केली. पायऱ्या, खांब, दाराची कडी, सगळं लाल. वाटत होतं आत बसून ढोल ऐकताहेत, ऐका.

तेवढ्यात दार उघडून सुगंधा अक्का बाहेर आल्या. मला वाटलं शिव्या देतील, मी तयार होतो. त्यांनी उंबऱ्यावरचा गुलाल चिमटीत घेतला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि झाडू घेऊन ओटा झाडायला लागल्या. माझ्या पायाजवळ आल्यावर म्हणाल्या, "पाय उचल."

मी उचलला. हरल्यामुळे बाईचं डोकं फिरलं असावं.

५ ऑगस्ट

सरपंच झुलाल झाला. सातातले सहा आबांचेच, दुसरं काय होणार. माय पहिल्या बैठकीला गेली. तिला दाराजवळची खुर्ची दिली आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवून म्हणाले, बाई, जरा पाणी भरून आणा. तिने आणलं, सगळ्यांना दिलं, बसली, आणि मागल्या जागेचं काय करता ते विचारलं. म्हणाले, पुढच्या बैठकीत पाहू. घरी येऊन मला म्हणाली, "पुढलीनी तारीख लिखी लिधी मी."

मी म्हटलं, एवढ्यासाठी आपण जिंकलो का? ती म्हणाली, "मंग कसासाठे?"

पण आबांचं ऐकून मला बरं वाटलं. त्यांनी जाहीर केलं आहे की ज्यांनी कपबशीला मत दिलं त्यांचे गहू यंदा रोटात घेणार नाही. गंमत अशी की ज्याला विचारावं तो म्हणतो, मी छत्रीलाच दिलं. गळ्याला हात लावून सांगतो. सगळ्यांनीच छत्रीला दिलं तर छत्री पडली कशी? आबा प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत बसतात म्हणे. सख्ख्या पोरांच्यासुद्धा. शेवटी म्हणाले, कोणाचंच ताट घेत नाही, माझ्या एकट्याचे रोट करीन.

करा म्हणावं. एकट्याचे रोट.

७ ऑगस्ट

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी अंगणात होतो. भर उन्हात, गावाच्या देखत, सुगंधा अक्का आमच्या घरी आल्या. डोक्यावर पाट, पाटावर खणाने झाकलेला कानबाईचा नारळ. मागे त्यांच्या सुना. मायने दारातच अक्कांचे पाय धुतले. नारळ आमच्या देवघरात बसला. अक्का पदराने घाम पुसत म्हणाल्या, "आबाले सांगी उनू. मीच म्हणं, बठ्ठास्नी मूठ नही तर देवी काय करी तठे?"

मी आनंदाने वेडा झालो. म्हणजे सगळ्यांच्या मुठी आणि रोट यंदा आमच्याकडे! ताटं आमच्या दारात येणार! मी ओरडलो, "पाच वर्षं आमची मूठ नव्हती त्यात! आता बघतो!"

दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"तुनी मूठ नव्हती?" अक्का म्हणाल्या. "तुना बापनी मूठ एक साल चुकनी नही. तुनीबी नही. ते ताट आबानी फिरायं ना, त्याच दिवशी सांजले मागला दारथून मनाकडे ऊनं. दर सालले येस. मनाच हातखाल दळास."

मी मायला म्हटलं, तू वडिलांपासून लपवून मागल्या दाराने अक्कांकडे ताट पोचवत होतीस?

"तोच भरी दे ताट," माय म्हणाली. "सव्वा मूठ तुनी, सव्वा मूठ त्यानी."

म्हणजे वडिलांना माहीत होतं. ते रोट खात होते, आणि मी सुरतेत त्यांच्यासाठी जळत होतो. मी ओरडलो, मला कोणी का सांगितलं नाही? माय म्हणाली, "तू घरमा व्हता कधी?" मग म्हणाली, "सुरतले धाडं व्हतं तुले. भेटनं का नही?"

ती पुडी. चहात बुडवलेले तुकडे.

राग कुठे तरी काढायचा होता. म्हटलं, आणि मतं? अक्का, तुम्ही कुणाला दिलं? अक्का म्हणाल्या, "तुनी मायले. माले उभं करीसन खुर्चीवर तेच बसतात. जागा मंग कधी भेटती? ट्रक माले सोडस का?"

"आणि माय, तू?"

माय चुलीकडे वळली. "अक्काले."

"काय?"

"ती माले दी, तर मी तिले नको देवाले? वाण देतस तसं परत देवानं ऱ्हास ना."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी घराबाहेर पडलो आणि फाट्यावर जाऊन चार चहा प्यालो. ग्लासात.

पण एक गोष्ट यातून पुसली जात नाही. मागल्या दाराने काही का होईना, पुढल्या दारात आबांनी विचारलं होतं. सगळ्यांच्या देखत. ते त्यांना परत मिळालेलं नाही. ते मी देणार.

८ ऑगस्ट

सकाळपासून ताटं येताहेत. घरचा गडी म्हणून दारात मी बसलो आहे, मधल्या वेळात हे लिहितो. समोर मोठं सूप.

मायने आणखी एक काढलं आहे. प्रत्येक घरी सांगून आली की यंदा बायांची पण मूठ घाला. म्हातारे कुरकुरले. एक जण ताट ठेवता ठेवता मला म्हणाला, "बाया तर पराया घरन्या शेत. कुळमा कश्या मोजान्या?" माय आतून बोलली, "मत टाकाले पराया घरन्या नही व्हतूत नाना." नानांनी ताट ठेवलं आणि गेले. सूप दोनदा भरून आत रिकामं केलं. एवढे गहू मी रोटाला कधी पाहिले नाहीत. आत जात्यावर माय आणि अक्का समोरासमोर बसल्या आहेत, खुंट्याला दोघींचे हात.

प्रत्येक ताटाचं फडकं उचलताना मी प्रश्न मनात म्हणून पाहतो. हाऊ गहू कोना शे? आवाज किती चढवायचा ते ठरवलं आहे. आबांनी चढवला नव्हता, साधाच विचारला होता, म्हणून जास्त लागला. मी पण साधाच विचारणार. ओट्यावर सकाळपासून चार-सहा जण बसून आहेत, ते बरंच आहे. ऐकायला माणसं पाहिजेत.

दुपार झाली. आबांची पोरं वेगळी राहतात, त्यांच्या बायका आपापली ताटं देऊन गेल्या. आता थोरलं घर तेवढं राहिलं. चुडामण म्हणतो, आबा येतच नाहीत, पैज लाव. झुलालला पाठवतील किंवा कोणालाच नाही. मला पण आतून तसंच वाटतं. अक्का एकदाही दाराकडे बघत नाहीत, नुसतं दळताहेत. आले नाहीत तर माझा प्रश्न माझ्याकडेच राहणार, आणि मी तो घेऊन कुठे जाऊ? परत सुरतेला?

ओट्यावरचे बोलायचे थांबले आहेत.

एक जण उठून उभा राहिला. आता सगळेच.

उन्हातून कोणीतरी येतं आहे. एकटं. हातात ताट आहे, वर फडकं. फडक्याखालचा ढीग एकाच्या नाही, दोघांच्या मुठींचा दिसतो. उंबऱ्याशी येऊन उभं राहिलं आहे, चपला काढल्या आहेत. माझ्याकडे बघतं आहे. मी अजून सूप पुढे केलेलं नाही, पेन हातात आहे.

आत जातं थांबलं. माय विचारते आहे, "आधार, कोन ऊनं रे?"

मी आत सांगतो, आबा आलेत.